कोठारापासून चुलीपर्यंत : जालन्यातील वाटपाचा इतिहास

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या या पेठेने कित्येक पिढ्या धान्याचा, कापसाचा व गुळाचा व्यापार पाहिला. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ती म्हण खरीच होती. परंतु पेठेच्या वेशीबाहेर पडले, की भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर, मंठा अशा कोरडवाहू मुलखाला सुरुवात होते आणि तेथे पावसाने पाठ फिरवली, की सोन्याचा पाळणा झुलायचा थांबतो. भरलेली पेठ आणि उपाशी गाव यांचे शेजार दख्खनच्या इतिहासात वारंवार आढळते. धान्य नव्हते म्हणून माणसे मेली असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा धान्य कोठेतरी होते, पण ते वेळेवर पोहोचले नाही किंवा विकत घेण्यास गाठीला पैसा नव्हता, असे बारकाईने पाहता दिसून येते.

माल कोठे साठवावा, कोणत्या वाटेने न्यावा, किती खेपांत न्यावा आणि तो कोणाच्या हाती पडावा, याचा आगाऊ हिशेब म्हणजे वाटपाची आखणी. आज या विषयाचे स्वतंत्र शास्त्र झाले आहे आणि मोठमोठे कारखाने त्यावर चालतात. मात्र हे शास्त्र नव्याने जन्मलेले नाही. जालन्याच्या मातीत त्याचे किमान चार धडे गिरवले गेले आहेत : सन १८०३, सन १९००, सन १९७२-७३ आणि सन २०१२-१३. प्रस्तुत लेखात हे चार प्रसंग एकापुढे एक ठेवून एकच प्रश्न विचारण्याचा आमचा विचार आहे. आखणी करणाऱ्याने अंतर मोजले, ते कोठून कोठपर्यंत?

पहिला धडा बैलाच्या पाठीवरचा आहे. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमधील धान्य मुख्यत्वे बंजाऱ्यांच्या तांड्यांनी वाहिले. सतराव्या शतकातील इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा एक तांडा पाहिल्याचे नमूद केले आहे. तांड्याचा नायक भाव पाहून माल उचलीत असे. गोण्या पाठीवर लादलेले बैल वाटेतल्या गवतावर चरत आणि ओढ्या-नाल्यांचे पाणी पीत पुढे सरकत. वाहतुकीचा खर्च कमी राहण्याचे रहस्य हेच होते. पण याच व्यवस्थेत तिचे वैगुण्यही दडलेले होते. अवर्षणात गवत वाळते, पाणी आटते, बैल कोलमडतो. धान्याची निकड जेव्हा सर्वांत मोठी, तेव्हाच धान्य वाहणारा सर्वांत दुबळा! त्या काळी अंतर कोसांत सांगत असले, तरी खरोखर ते चाऱ्यापाण्याच्या मुक्कामांतच मोजावे लागे.

ही गोष्ट ज्याने नेमकी ओळखली असा एक सेनापती १८०३ साली याच मुलखात उतरला होता. आर्थर वेलस्ली हे त्याचे नाव. पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून तो जगाला माहीत झाला. केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली असईची लढाई आपल्या शालेय पुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपते. असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यातच आहे. तोफांच्या धुरापलीकडे पाहिले, तर ही मोहीम मोठ्या अंशी गोण्यांच्या व बैलांच्या हिशेबावर उभी होती, असे ध्यानात येते. वेलस्लीने मोहिमेसाठी पावसाळा निवडला. चढलेल्या नद्या मराठी घोडदळाची चाल अडवतील आणि आपणांस मात्र पार होता येईल, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा होड्यांची तजवीज त्याने केली होती. म्हैसूरकडील अमृतमहाल जातीचे चपळ बैल त्याच्या दिमतीला होते, बंजाऱ्यांशी करार झालेले होते. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला घेऊन त्याने तेथे आपले कोठार केले. दक्षिणेकडून येणारी रसद सुखरूप पोहोचावी म्हणून सप्टेंबरमध्ये तो गोदाकाठ धरून राहिला. कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतल्यावर २१ सप्टेंबरला दोघांची भेट बदनापूर येथे झाली आणि सैन्य दोन वाटांनी पुढे न्यावयाचे ठरले, कारण डोंगरातील अरुंद वाटेवर एकाच रांगेत चाललेल्या सैन्याचा दिवस वाटेतच मोडला असता.

आखणी म्हणून ही आखणी अव्वल दर्जाची होती. परंतु तिचा हिशेब शिपायाच्या शिध्यापाशी सुरू होऊन तेथेच संपत होता. ज्या गावांवरून दोन्ही बाजूंच्या फौजा गेल्या, त्या गावांतल्या कणग्या कोणाच्या वहीत जमेला नव्हत्या आणि खर्चालाही नव्हत्या. लष्करांची ये-जा, पेंढाऱ्यांची व होळकरी फौजांची लूट आणि पाठोपाठ अवर्षण यांमुळे १८०३-०४ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी अहमदनगर येथे धडधाकट लोकांना काम देऊन त्याच्या मोबदल्यात धान्य द्यावे आणि आजारी व अशक्त लोकांची निराळी सोय करावी, अशी व्यवस्था वेलस्लीनेच केली. सैन्याच्या पोटासाठी उभारलेली यंत्रणा रयतेच्या पोटासाठी वापरता येते हे तेव्हाच सिद्ध झाले होते. फक्त ती वळवण्याची इच्छा व्हावी लागते आणि ती बहुधा उशिरा होते.

दुसरा धडा लोखंडी रुळांवरचा. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि जालना त्या मार्गावरील एक प्रमुख स्थानक बनले. योगायोग असा, की नेमक्या याच वर्षांत, विक्रम संवत १९५६ मध्ये, 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून ओळखले जाणारे महासंकट कोसळले. रेल्वे आली म्हणजे दुष्काळ गेला, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. शिरगणतीचे आकडे मात्र निराळे सांगतात. ज्या औरंगाबाद जिल्ह्यात तेव्हा जालना मोडत असे, त्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ८ लाख २९ हजार होती, ती १९०१ साली सुमारे ७ लाख २१ हजारांवर आली. यात मृत्यू किती आणि देशांतर किती हे हा आकडा सांगत नाही. तथापि एक लाखाहून अधिक माणसे जिल्ह्याच्या हिशेबातून नाहीशी झाली, एवढे तो सांगतो.

असे का व्हावे? रेल्वेला दुष्काळात चारा लागत नाही, हा तिचा मोठाच गुण होता. परंतु तिच्या रुळांवरून धान्य भावाच्या मागे धावते. जेथे गाठीला पैसा आहे तेथे ते उतरते आणि जेथे नाही तेथून ते बाहेरही जाते. शिवाय मनमाडला मोठ्या रुळांवरचे पोते उतरवून लहान रुळांवर चढवावे लागे, हा अडसर होताच. तो मार्ग रुंद होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. आणि स्थानकावर पोते उतरले तरी तेथून मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या वाटेवर पुन्हा तीच बैलगाडी, तोच वाळलेला चारा आणि तोच आटलेला ओढा. शेकडो मैलांचा प्रश्न सुटला आणि शेवटच्या वीस मैलांचा तसाच राहिला.

या शेवटच्या मैलांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत असे, याचा दाखला शेजारच्या ब्रिटिश मुलखात मिळतो. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे रोजचे धान्य दीड पौंडावरून एक पौंडावर आणले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे आपणांस ठाऊक आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे 'अंतराची कसोटी'. धडधाकट माणसाला त्याच्या घरापासून दहा मैलांच्या आतील कामावर घेऊ नये, असे धोरण तेव्हा मद्रास इलाख्यात अवलंबिले गेले. खरा गरजू असेल तो चालत येईल आणि जो येणार नाही तो गरजू नव्हेच, असा त्यामागील तर्क होता. मुंबई इलाख्यातही लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचे हुकूम निघाले, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. येथे अंतर ही अडचण नव्हती. ते मुद्दाम उभारलेले फाटक होते. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि आजारी माणसे त्या फाटकाबाहेर राहिली.

दामाजीपंतांची कथा आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? पंधराव्या शतकात मंगळवेढ्याचे सरकारी कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी खुले केले. त्या औदार्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ज्यांना मंगळवेढ्यापर्यंत चालवले नाही, त्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न कीर्तनात कधी येत नाही. कोठार उघडणे हे पुण्य खरे, तथापि ते अर्धेच पुण्य आहे.

तिसरा धडा १९७२ चा. जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात आलेला नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला, त्यापूर्वी त्याचा मोठा भाग औरंगाबाद जिल्ह्यात व परतूरकडचा भाग परभणीत होता. ओळीने तीन वर्षे पावसाने दगा दिला आणि राज्याचे धान्योत्पादन विलक्षण घसरले. दरडोई धान्याचा विचार केला, तर ही परिस्थिती महादुष्काळाची होती. तरीही १९०० सारखा संहार झाला नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ ड्रेझ यांनी या घटनेचा सखोल अभ्यास केला आहे. त्याचे सार असे, की शासनाने हजारो ठिकाणी कामे काढली आणि मे १९७३ मध्ये राज्यभरातील त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशी ती कामे. मजुरी हाती पडल्यामुळे माणूस बाजारात उभा राहू शकला.

धान्याची बाजू मात्र लंगडीच होती. राज्याराज्यांतील धान्यव्यापारावर त्या काळी बंधने होती आणि केंद्राकडून येणारा पुरवठा मागणीच्या मानाने अपुरा पडे. रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. मिलोला लोकांनी नावे ठेवली. तीच खाऊन ते जगलेही. या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. धान्य आले आणि पैसा नसेल, तर ते दुकानात पडून राहते. पैसा आला आणि धान्य नसेल, तर भाव भडकतात. वाटपाच्या गाडीला ही दोन्ही चाके लागतात. दुसरी गोष्ट आमच्या मते अधिक महत्त्वाची. कामे विखरून, गावांच्या आसपास काढली गेली. दहा मैलांची कसोटी उलटी फिरली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यावे आणि त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, असे ठरवले. माणसाने तुडवलेल्या अंतराचे मोल सरकारने चुकते करावे, हा विचार शंभर-सव्वाशे वर्षांत झालेल्या बदलाची खूण आहे.

चौथा धडा पाण्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. खुद्द जालना शहर टँकरवर आले. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयावर वाढत्या शहराची तहान भागेनाशी झालीच होती. पुढे जायकवाडीचे पाणी नळाने शहरात आले. खेड्यांचा आधार मात्र टँकर हाच होता. टंचाईकाळात टँकरने माणशी रोज २० लिटर पाणी द्यावे, असा सरकारी निकष आहे. वाचकांनी आमच्याबरोबर थोडे गणित करावे.

दीड हजार वस्तीचे एक गाव मानू. माणशी २० लिटरप्रमाणे ३०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. पाणी भरण्याचे ठिकाण २५ किलोमीटरवर धरले, तर खराब रस्त्यावर जाण्यास एक तास, येण्यास एक तास, भरण्यास व रिकामे करण्यास मिळून आणखी एक तास. तीन खेपांना नऊ तास झाले, म्हणजे एका गावास एक टँकर दिवसभर जुंपला गेला. एप्रिलात ते ठिकाण आटले आणि ४० किलोमीटरवर जावे लागले, तर त्याच वेगाने तीन खेपांना साडेबारा तासांहून अधिक वेळ लागतो. मध्येच वीज गेली आणि पंप थांबला, की तिसरी खेप रात्री येते किंवा येतच नाही. कागदावर गाव 'टँकरग्रस्त' म्हणून नोंदलेले, टँकर मंजूर झालेला आणि तरी माणशी २० लिटर हा आकडा खोटा! जनावरांचे पाणी तर या हिशेबात धरलेलेच नाही.

आता टँकर गावच्या विहिरीत रिकामा झाल्यानंतरचे गणित पाहू. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे सात हंडे. घर विहिरीपासून अर्धा किलोमीटर दूर असेल आणि एका खेपेस एक हंडा धरला, तर घरातल्या बाईला रोज सात किलोमीटर चालावे लागते, त्यातले निम्मे डोक्यावर भार घेऊन. टँकरचा प्रत्येक किलोमीटर वहीत लिहिला जातो, कारण त्याचे बिल निघते. पुढे त्याच्यावर उपग्रहाची नजरही बसली. बाईच्या सात किलोमीटरांची नोंद कोणत्याही वहीत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले आणि देशभर त्याचे कौतुक झाले. ते योग्यच होते. पण तीनशेहून अधिक किलोमीटर धावून आलेले ते पाणीही शेवटी टँकरमधूनच वस्त्यांत गेले आणि हंड्यातूनच घरात शिरले.

टँकरच्या खेपांचा हा प्रश्न गणितज्ञांनाही आव्हान देणारा ठरला आहे. जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी १९५९ साली एक शोधनिबंध लिहिला. पेट्रोल भरलेल्या मोटारी एका ठाण्यावरून अनेक पंपांवर कमीत कमी अंतर तोडून कशा पाठवाव्यात, हा त्याचा विषय. त्याआधी रशियात कांतोरोविच आणि पश्चिमेत कूपमन्स यांनी मर्यादित साधने कशी विभागावीत याचे गणित मांडले होते. त्या दोघांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शास्त्राची तुच्छता करण्याचे कारण नाही. रेशनचे धान्य कोणत्या गोदामातून कोणत्या गोदामात न्यावे, म्हणजे वाहतूक कमी होईल, हे ठरवण्यासाठी भारत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये 'अन्नचक्र' नावाची संगणकीय व्यवस्था जाहीर केली, ती याच गणितावर बेतलेली आहे. वाचलेल्या डिझेलचा पैसा गरिबांच्या कामी येऊ शकतो.

परंतु गणित आपल्याला तेवढेच सांगते, जेवढे आपण त्याला विचारतो. 'मोटारीचे अंतर कमी कर' असे सांगितले, तर ते मोटारीचेच अंतर कमी करील. त्यासाठी दोन दुकानांचे एक करणे हाही एक उपाय त्याला सुचेल आणि तोडलेले अंतर हिशेबातून निघून माणसाच्या पायांवर येऊन पडेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य दारापर्यंत पोहोचवण्यावर भर दिला आणि आपल्या राज्यात 'द्वारपोच' योजना आली. हे पाऊल चांगलेच आहे. पण त्यातील दार रास्त भाव दुकानाचे आहे. घराचे दार अजून त्यापुढे आहे.

या ठिकाणी 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाची आठवण होते. येरुशलेमच्या आद्य ख्रिस्तसभेत दररोज अन्नवाटप होत असे. वाटप उदार मनाने होई, तरीही ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटत आहेत, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी धान्य वाढवले नाही आणि कुरकुर करणाऱ्यांना दटावलेही नाही. त्यांनी या कामासाठी सात जण नेमले. स्तेफनसह त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा सुटत होत्या, त्यांच्याच बाजूची माणसे वाटपावर बसली, असे त्यावरून अभ्यासक अनुमान करतात. वाटपाच्या आखणीविषयी यापेक्षा शहाणा निर्णय आमच्या वाचनात नाही. कोण सुटले हे कोठारावरून दिसत नाही. ते सुटलेल्यांच्या शेजाऱ्याला दिसते.

जालन्यानेही याचे एक उदाहरण घालून दिले आहे. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आयुष्य अहमदनगरच्या परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी वेचले. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. त्या कार्यक्रमाखाली १९९० च्या दशकात जालना तालुक्यातील कडवंची येथे, तेथील कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने आणि गावकऱ्यांच्या श्रमाने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचे काम झाले. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या आणि २०१२-१३ च्या दुष्काळातही त्या टिकून राहिल्या. वाटपाच्या भाषेत बोलायचे, तर येथे कोठारच शिवारात आणले गेले. चाळीस किलोमीटरचा प्रवास वाचला, कारण पाणी गावाबाहेर गेलेच नाही. अर्थात यातही सावधगिरी हवी. पावसाऐवजी विहिरीतून उपसून भरलेले शेततळे नवे पाणी आणीत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आपल्या अंगणात आणते. साठा जवळ आला तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

असो. या दोनशेवीस वर्षांत बैलाची जागा आगगाडीने, आगगाडीची जागा मोटारीने आणि वहीची जागा संगणकाने घेतली. प्रत्येक काळी आखणी करणारे हुशारच होते. वेलस्लीने शिपायापर्यंतचे अंतर मोजले, रेल्वेने स्थानकापर्यंतचे, टँकरने विहिरीपर्यंतचे. १९७२ नंतर काही वर्षे आपण माणसाने चाललेले अंतर मोजले आणि म्हणूनच तो दुष्काळ इतरांहून वेगळा ठरला. मराठवाड्यात पुन्हा अवर्षण येईल, यात शंका नाही. तेव्हा टंचाईचा आराखडा तहसील कचेरीत तयार होण्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील दोन-चार बायकांना बोलावून, त्या पाण्यासाठी आणि रेशनसाठी रोज किती चालतात, हे लिहून घ्यावे. आपल्या धर्मग्रामांतून व संस्थांतून मदत वाटणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा. तो आकडा आराखड्याच्या पहिल्या रकान्यात असावा आणि गोदाम, मोटार, खेपा हे सारे त्यानंतरच्या रकान्यांत यावे.